सतरा नंबरची पाचर

ठोक्याने माझ्या बाबांचा पुढचा दात पाडला तेव्हा मी स्टुडिओच्या आतल्या खोलीत निगेटिव्ह धूत होते. बाहेर खुर्ची पडल्याचा आवाज आला. येऊन पाहते तर बाबा तोंडावर रुमाल धरून काउंटरला टेकलेले आणि ठोक्या पाठमोरा निघून चाललेला. त्याची मूठ अजून आवळलेलीच होती. बाबांनी त्याला एवढंच विचारलं होतं, "तुझा भाऊ इतका सावध माणूस, त्यानं पाचर मारलीच कशी रे?" या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली. बाबांनी खोटा दात बसवून घेतला आणि मरेपर्यंत त्याच तोंडानं ठोक्याला शिव्या घातल्या.

ठोक्या हा आमच्या स्टुडिओसमोरच्या कारखान्यातला फिटर. तिथे पत्र्याचे डबे, झाकणं आणि बादल्यांचे कान बनायचे. मशीन अडलं की तो म्हणायचा, "एक ठोक दे, चालेल," म्हणून हे नाव. माणूस अडला तरी त्याचा उपाय तोच असायचा. कँटीनवाल्याचा कान त्यानं फाडला होता. सोबतच्या एका फिटरचं डोकं लोखंडी कपाटावर असं आपटलं की कपाटाचं दार पुढे कधी नीट लागलं नाही. कारखाना बंद पडला त्या दिवशी त्यानं पान्यानं सुपरवायझरचं गळ्याजवळचं हाड मोडलं आणि तीन महिने तुरुंगात काढले. का मारलं, हे पोलिसांना त्यानं सांगितलं नाही.

आणि हाच माणूस रोज सकाळी घराच्या पायरीवर गुडघे टेकून धाकट्या भावाच्या बुटांच्या नाड्या बांधायचा. धाकट्याला डावा हात मनगटापासून नव्हता. एका हातानं नाडी बांधता येते, मी पाहिलंय, पण ठोक्या बांधू द्यायचा नाही. नाडी आवळायचा, गाठ दोनदा ओढून बघायचा आणि मग भावाला गेटवर पाठवायचा. आमच्या गल्लीतल्या बायका म्हणायच्या, रागीट असेल, पण भावावर जीव आहे हो. मीही म्हणायचे.

धाकट्याला सगळे 'तीनदा' म्हणत. कारखान्यानं त्याला गेटवर रखवालदार म्हणून ठेवलं होतं आणि तो कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचा. दिवा बंद केला की तीनदा मागे फिरायचा. माझ्याकडे फोटोचे पैसे दिले तर दुसऱ्या दिवशी येऊन विचारायचा, "ताई, मी काल दिले ना? नक्की ना?" खिशात एक वही असायची, तिच्यात तो सगळं लिहून ठेवायचा. आम्ही हसायचो. तोही हसायचा. म्हणायचा, "माझ्या डोक्याचा भरवसा नाही. एकदा धोका दिलाय त्यानं."

तो धोका कोणता, ते सांगायला हवं. त्यासाठी आधी प्रेस समजायला हवा.

प्रेस म्हणजे पत्रा कापणारं, दाबणारं मशीन. खाली साचा, वर पाच माणसांनाही न उचलवणारा लोखंडी ठोकळा. ऑपरेटरनं पत्रा साच्यावर ठेवायचा आणि दोन बटणं एकदम दाबायची, एक डाव्या हातानं, एक उजव्या. दोन्ही हात बटणांवर म्हणजे साच्यात हात नाही, म्हणून ठोकळा पडला तरी माणूस सुरक्षित. कुणी कोपरानं चलाखी करू नये म्हणून प्रत्येक बटणाभोवती लोखंडी कडंही बसवलेलं. पण ऑर्डर घाईची असली की सुपरवायझर फिटरला सांगून डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकायचा. मग डावं बटण कायमचं दाबलेलं. एका हातानं बटण, एका हातानं पत्रा, आणि माल दीडपट. तपासणी आली की पाचर काढायची. त्या शेडमध्ये तीस ऑपरेटर होते आणि त्यांतल्या नऊ जणांना दहा बोटं नव्हती.

तीनदा हा एकटाच पाचर मारू द्यायचा नाही. "माझी दोन्ही बटणं मोकळी पाहिजेत," म्हणायचा, आणि सुपरवायझर त्याच्यावर दात धरून असायचा.

त्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली आणि तीनदा मशीनवर परत आला. पत्रा ठेवला. पत्रा तिरका बसला, म्हणून डाव्या हातानं सरळ करायला गेला. उजवा हात उजव्या बटणावर होता, पण त्यात त्याला धोका वाटायचं कारण नव्हतं, डावं बटण दाबल्याशिवाय ठोकळा पडतच नाही. ठोकळा पडला. त्याच्या ओरडण्याआधी शेजारचा ऑपरेटर ओरडला.

तासाभरानं कारखान्याचा माणूस मला बोलवायला आला, बाबा गावाला गेले होते म्हणून. मी तेवीस वर्षांची. लग्नाचे आणि ओळखपत्रांचे फोटो काढणारी. मशीन पुसलं नव्हतं. साच्यात जे होतं ते कुणी काढलं नव्हतं. जमिनीवर सांडलेल्या रक्तात तेल मिसळून त्याचा काळपट चिखल झाला होता आणि माझी चप्पल त्यात चिकटत होती. सुपरवायझर म्हणाला, "बटणाचा फोटो काढ. पाचर नीट दिसली पाहिजे." मी काढला. माझा हात हलू नये म्हणून मी श्वास रोखला, एवढंच मला आठवतं.

तो फोटो पोस्टकार्डाएवढा छापून चौकशीच्या फाइलीत गेला. निकाल लागला की पाचर ऑपरेटरनं स्वतःच मारली होती. चूक त्याची, कारखान्याची नाही. तीनदाचं लग्न ठरलं होतं ते मोडलं, कारण बेफिकीर माणसाला मुलगी कोण देणार? त्यानं माफीपत्रावर सही केली आणि गेटवरची नोकरी घेतली.

कारखाना बंद पडून बरीच वर्षं गेली, तीनदा मात्र गेटवर रखवालदार म्हणून राहिला. शेडच्या छपरातून झाडं उगवली. आणि मागच्या वर्षी कळलं की तिथे कलाकेंद्र होणार. संचालिकाबाई आल्या, भली मोठी कानातली आणि अखंड उत्साह. जुन्या वास्तूचे फोटो काढायचं काम त्यांनी मला दिलं. तीन महिने मी तिपाई घेऊन त्या शेडमध्ये फिरत होते. फुटक्या काचा, ऑपरेटरांचे लोखंडी स्टूल, भिंतीवर ग्रीसच्या बोटांचे ठसे. गंजाला टेक्स्चर म्हणतात हे मला पन्नाशीत कळलं. बाई प्रत्येक फोटोला म्हणायच्या, "किती खरं वाटतं ना हे!" मला त्यांच्या कानातल्याला धरून सांगावंसं वाटायचं की बाई, इथे खरं होतं ते धुऊन काढायला बादल्या लागायच्या. पण पैसे बरे देत होत्या आणि वाईट नव्हत्या, नुसत्या उशिरा आलेल्या होत्या.

एक प्रेस त्यांनी जागेवरच ठेवला. तीनदाचाच. रंग दिला, मोटार जोडली. उद्घाटनाला येणाऱ्या प्रत्येकाला पत्र्याची एक चकती दाबून भेट द्यायची, अशी कल्पना. मागच्या भिंतीवर आठ फुटी फोटो लावायचा. बाईंना जुन्या ऑफिसात चौकशीची फाइल सापडली होती आणि तिच्यात माझा फोटो. "निगेटिव्ह आहे तुमच्याकडे?" होतं. बाबांनी कधी काही टाकलं नाही.

मी फोटो मोठा करायला घेतला आणि पाचरीवर मला काहीतरी दिसलं. रक्त आणि ग्रीसच्या मध्ये, कोरड्या राहिलेल्या जागी, दोन आकडे. एक आणि सात.

आता हे फक्त त्या कारखान्यातल्या माणसाला कळेल. तिथल्या प्रत्येक फिटरकडे स्वतःच्या नंबराचा पोलादी पंच, म्हणजे ठोकून आकडा उमटवायचा ठसा असायचा. जे काही बनवाल त्यावर नंबर ठोकायचा, म्हणजे वस्तू बिघडली तर कुणाची ते कळावं. सवय इतकी हाडात मुरलेली की फिटर लोक आपल्या जेवणाच्या डब्यावर, स्टुलावर, घरातल्या पाटावरसुद्धा नंबर ठोकायचे. तपासणीत लपवायची चोरटी पाचर, तिच्यावर नंबर कोण ठोकील? ज्याचा हात डोक्याआधी चालतो तोच. सतरा नंबर ठोक्याचा होता. आमच्या स्टुडिओच्या शटरची कडी त्यानं बसवून दिली होती, तिच्यावरही सतरा आहे.

मी ती कडी जाऊन पाहिली. मग बाबांचा दात आठवला, कँटीनवाल्याचा कान आठवला, कपाटावर आपटलेलं डोकं आठवलं. त्या तिघांनीही कधी ना कधी त्याच्यासमोर पाचरीचा विषय काढला होता. मला इतका संताप आला की मी डार्करूमच्या दारावर लाथ मारली आणि पायाचं बोट सुजवून घेतलं. आकडा पुसणं मला पाच मिनिटांचं काम होतं. मी पुसला नाही. आठ फुटी छापला, फळीवर चिकटवला आणि भिंतीवर लावून घेतला. खाली बाईंनी फाइलीतून उतरवलेली ओळ छापली होती: 'ऑपरेटरने स्वतः बसवलेली पाचर.' तीनदाला मी काही सांगितलं नाही. कसं सांगायचं ते सुचत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ठोक्याची भीतीही वाटत होती. तीनदा तर त्या शेडमध्ये पाऊलच टाकायचा नाही, गेटवरूनच परत फिरायचा.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी ठोक्या आला. साचा बसवणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून बाईंनीच बोलावलं होतं. एकाहत्तर वर्षांचा, पण मनगटं तशीच. भिंतीकडे न बघताच त्यानं साचा बसवला, मोटार चालू केली, मोठं चाक घरघरायला लागलं. खुर्च्यांची गाडी आली म्हणून बाई आणि त्यांची माणसं मागच्या आवारात गेली. मी त्याचा फोटो काढणार होते. "काका, जरा मागे सरका, भिंतीला टेकून," म्हटलं. तो वळला आणि त्याची नजर वर गेली.

त्याला वाचायला क्षणही लागला नाही.

"खोड तो आकडा," तो म्हणाला.

"नाही खोडणार."

"पोरी, खोड म्हणतो ना."

"सत्तावीस वर्षं त्याच्या नाड्या बांधताय, काका. लाज नाही वाटली?"

त्यानं माझ्या कॅमेऱ्याला हात घातला आणि तिपाईसकट जमिनीवर आपटला. लेन्स फुटून सरपटत गेली. भिंत फोडणाऱ्या गवंड्यांचा घण कोपऱ्यात होता, तो त्यानं उचलला आणि फोटोवर घातला. फळीला भगदाड पडलं, पण कोपऱ्यात, आकड्यापासून हातभर लांब. दुसऱ्यांदा त्यानं घण उचलला तेव्हा मी मध्ये गेले. शहाणपणा नव्हता तो, डोकंच फिरलं होतं माझं. त्यानं मला कोपरानं ढकललं आणि मी मशीनच्या पायावर पडले. खांद्यात काहीतरी कट् झालं.

आवाज ऐकून तीनदा गेटवरून धावत आला. "दादा! काय चाललंय? घण खाली ठेव!"

"भाऊ, फोटो वाचा," मी पडल्या जागेवरून ओरडले. "पाचरीवरचा नंबर वाचा!"

तीनदानं वर पाहिलं. मग तो जवळ गेला. मग आणखी जवळ. बोट त्यानं एकावर ठेवलं, मग सातावर. सवयीनं तिसऱ्यांदाही ठेवलं.

"हा तुझा पंच," तो म्हणाला.

ठोक्यानं घण खाली ठेवला. "त्यानं मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं," तो म्हणाला. "सुपरवायझरनं. म्हणाला, गाडी आज भरायची आहे, तुझ्या भावाचे नखरे पुरे. मी मारली. तू आलास की सांगणार होतो. तेवढ्यात पलीकडे पट्टा तुटला, मला बोलावलं. मी विसरलो."

"विसरलास."

"नंतर तो म्हणाला, तुझं नाव आलं तर दोघंही रस्त्यावर. त्यानंच मारली म्हण, निदान एकाची चूल पेटेल."

मी आजवर तीनदाला चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. तेव्हाही तो ओरडला नाही. त्यानं ठोक्याच्या मनगटाला धरलं, फरफटत मशीनपाशी नेलं आणि त्याचा हात साच्यावर आपटला. ठोक्यानं हात काढून घेतला नाही. आयुष्यभर ज्यानं मारलं तो माणूस मान खाली घालून उभा राहिला.

तीनदानं उजव्या हातानं उजवं बटण दाबलं आणि तुटकं मनगट डाव्या बटणावर मारलं. कडं आडवं आलं. त्यानं पुन्हा मारलं. पुन्हा. कडं कोपरासाठी बनवलेलं, मनगटालाही ते आत जाऊ देईना. कातडी फाटली, कड्यावरून रक्त ओघळायला लागलं, तरी तो मारतच होता आणि मोठं चाक डोक्यावर घरघरत होतं. शेवटी धापा टाकत तो थांबला.

"पाचर करून दे," तो ठोक्याला म्हणाला.

मला वाटलं ठोक्या नाही म्हणेल. त्यानं खोक्याची एक पट्टी उचलली, खिशातला चाकू काढला आणि तासायला लागला. दोन मिनिटंही लागली नाहीत. माप चुकलं नाही. पाचर त्यानं भावाच्या हातात दिली आणि स्वतःचा डावा हात स्वतःच साच्यात ठेवला, तळवा खाली करून.

मेन स्विच खांबावर होता. मी उठायला लागले. "ताई, हात लावू नका," तीनदा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात असं काही होतं की मी जागच्या जागी थिजले. त्याची मला आजही शरम वाटते.

त्यानं तळहाताच्या बुडानं पाचर आत ठोकली. डावं बटण दाबलं गेलं. मग उजव्या बटणावर अंगठा ठेवला.

"हॉस्पिटलात मी तुला काय म्हणालो होतो?"

"म्हणालास, दादा, मी नाही मारली."

"किती वेळा?"

"रोज. आठ दिवस." ठोक्या रडत होता. त्याचा हात साच्यातच होता. "मी सांगत राहिलो, तूच मारलीस, दुखण्यानं तुझ्या डोक्यातून गेलंय. नवव्या दिवशी तू गप्प झालास."

तीनदाचा अंगठा बटणावर होता. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग त्यानं खांद्यानं भावाला असा धक्का दिला की तो मागे जाऊन भिंतीवर आदळला, त्याचं डोकं फुटक्या फळीवर आपटलं. आणि तीनदानं बटण दाबलं.

ठोकळा रिकाम्या साच्यावर पडला. सबंध शेड हादरली, छपरातून गंजाची पूड आमच्या तिघांच्या अंगावर आली. ठोक्यानं दोन्ही हात पोटाशी घट्ट धरले होते.

"म्हणजे मला बरोबर आठवत होतं," तीनदा म्हणाला. भावाकडे बघून नाही, मशीनकडे बघून. मग तेच वाक्य त्यानं आणखी एकदा म्हटलं आणि तो तिथल्याच एका स्टुलावर बसला. मी स्विच बंद केला.

संचालिकाबाई धावत आल्या. "चालू झालं का मशीन?" त्यांनी आनंदानं विचारलं, मग फुटलेला कॅमेरा, फळीचं भगदाड आणि कड्यावरचं रक्त पाहिलं आणि त्या जागीच थांबल्या.

"बाई, या फोटोखालची ओळ खोटी आहे," तीनदा म्हणाला. "बदला."

"अहो, पण उद्या उद्घाटन... आणि फळीसुद्धा..."

"फळी राहू दे अशीच. मला पेन द्या."

त्यांनी जाड काळं पेन दिलं. छापलेल्या ओळीवर त्यानं काट मारली आणि खाली एका हातानं, सावकाश लिहिलं: 'पाचर फिटर नंबर सतराने मारली. ऑपरेटरला माहीत नव्हतं.' पाचर काढून खिशात टाकली. चकत्यांची कल्पना बाईंनी आपणहून रद्द केली. तो प्रेस पुन्हा कधी चालला नाही.

संध्याकाळी मी हात गळ्यात बांधून स्टुडिओच्या पायरीवर बसले होते. तीनदा गेट बंद करायला आला. ठोक्या रस्त्याच्या या कडेला केव्हाचा उभा होता, डोक्याला फडकं बांधून. झटापटीत तीनदाच्या उजव्या बुटाची नाडी सुटली होती. ठोक्या रस्ता ओलांडून गेला, त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि त्यानं नाडीला हात घातला. तीनदानं पाय मागे घेतला.

ठोक्या तसाच बसून राहिला. तीनदानं कडी लावली, कुलूप दाबलं आणि ओढून पाहिलं. एकदाच. मग किल्ली खिशात टाकून, सुटलेली नाडी तशीच ओढत तो घराच्या उलट दिशेला चालायला लागला. मी तो वळणाआड जाईपर्यंत बघत होते. त्यानं मागे वळून पाहिलं नाही.